डिस्पॅच कधी, डॉक्टर?

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात घोडा पाळणाऱ्याला पहिली गोष्ट सांगावी लागते ती ही, की खुराला स्पेअर पार्ट मिळत नाही. दुसरी गोष्ट सांगायच्या आत तो विचारतो, "मग रिपेअर करून कधी देताय?"

त्याला तरी काय बोलणार! एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. तेव्हापासून इथल्या माणसाच्या अंगात शिफ्ट भिनली आहे. माल वेळेवर गेला नाही तर पुढच्याची लाइन थांबते, लाइन थांबली की डेबिट नोट येते, आणि डेबिट नोट आली की त्या दिवशी घरातली आमटीसुद्धा आळणी लागते. अशा माणसाला मी सांगतो, की घोड्याचा खूर महिन्याला आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. भेग बाजूला असेल तर सहा-आठ महिने धरा, अगदी पुढे असेल तर नऊ महिने ते वर्ष. तो सगळं नीट ऐकून घेतो, खिशातला पेन काढून हातावर आकडेही लिहितो. मग शांतपणे विचारतो, "डबल शिफ्ट लावली तर?"

खुराचं गणित तसं साधं आहे. खूर म्हणजे आपल्या नखाचाच थोरला भाऊ. केस संपतात त्या कडेपासून तो निघतो आणि खाली खाली सरकत जातो. फाटलेलं नख पुन्हा जुळलेलं कुणी पाहिलं आहे का? ते वाढून बोटाबाहेर येतं, मग आपण कापून टाकतो. खुराचंही तेच. कातडी शिवता येते, हाड सांधतं, पण खुराच्या कवचात रक्तच नसतं, सांधणार कोण? भेग भरत नाही, भेग उतरते. आपण बघायचं ते एवढंच, की वरून येणारा नवा खूर अखंड यावा आणि जुनी भेग उतरता उतरता पुन्हा वर चढू नये. खालच्या कडेकडून वर चढणाऱ्या भेगा बहुधा खूर वेळेवर न तासल्याच्या असतात. त्यांचं फारसं काही वाटत नाही. वरच्या कडेकडून खाली येणारी भेग मात्र खट. तिथे खूर जिथून जन्मतो ती जागाच दुखावलेली असते, आणि ती जागा कायमची बिघडली तर येणारा प्रत्येक मिलिमीटर फाटकाच येतो.

भेग आतल्या जिवंत भागापर्यंत गेली की घोडं लंगडतं. पुढच्या पायाचं लंगडणं ओळखायची खूण सोपी: दुडक्या चालीत दुखरा पाय जमिनीवर टेकला की घोडं मान वर उचलतं. पुढच्या दोन पायांवर अंगाचा साठ टक्के भार असतो, तो कमी करायची त्याची ती खटपट. एका मालकाने मला याचा निराळाच अर्थ सांगितला होता. "बघा डॉक्टर, विचारलं 'बरं वाटतंय का' तर मान हलवतंय."

आता या कारखान्यांच्या गर्दीत घोडी आली कुठून, असं बाहेरच्याला वाटतं. रोज किती अश्वशक्ती गेटमधून बाहेर पडते याचा हिशेब कंपन्यांकडे असेलच. प्रत्यक्ष अश्व मात्र गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये फॉर्च्युनरला खेटून उभा असतो. काही घोड्या बैलगाड्याच्या आहेत. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ इकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धावते, आणि बारी सेकंदांवर मोजली जाते. या गाडामालकांचं मला खरोखर नवल वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एवढी वर्षं या लोकांनी एकही बारी न पळवता बैल पोसले, घोड्या पोसल्या, दिल्लीच्या तारखा तोंडपाठ केल्या. पण घोडीला दोन महिने शर्यतीच्या घाटात उतरवू नका म्हटलं, की चेहरा असा करतात, जणू मी त्यांची जमीन संपादित करतोय. एक जण म्हणाला, "कोर्टाचं वेगळं, डॉक्टर. तिथं समोरचा वकील तरी असतो. इथं भांडायचं कुणाशी?"

दुसरा वर्ग वरातवाल्यांचा. मोशीपासून आळंदीपर्यंत मंगल कार्यालयांची रांग लागलेली. आळंदीत तर लग्न लागायला वेळ लागत नाही, पण परण्याला घोडं हवंच. पुढे डीजे, मागे जनरेटरची गाडी, मध्ये भर उन्हात तापलेल्या डांबरावर पाय आपटत नाचणारं घोडं. त्याच्यावर बसलेला नवरदेव घाबरून आयाळ धरून बसतो, त्याला वाटतं सगळे आपल्याकडेच बघताहेत. मी बघत असतो खुराकडे. अशाच एका वरातवाल्याने मला माउलींचं उदाहरण दिलं. "डॉक्टर, माउलींचा अश्व अंकलीहून आळंदीला चालत येतो. मग तिथून पंढरपूर. आषाढात. मग माझं घोडं मोशी ते भोसरी का जाणार नाही?" मी म्हटलं, "दादा, तो चालतो. तुमचं नाचतं." यावर तो जरा थांबला, आणि म्हणाला, "पार्टीने नाचण्याचेच पैसे दिलेत."

तिसरा वर्ग सर्वांत अवघड: जमीन विकून पैसा आलेले गुंठामंत्री. हे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जातात, तापीकाठी दोन दिवस धूळ खातात आणि मारवाडी जातीचं, कानांची टोकं एकमेकांना टेकणारं जनावर घेऊन येतात. किमतीचा आकडा गावात शिरेपर्यंत दुप्पट झालेला असतो. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार होते. स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचं घोडं लंगडलं की त्याची भाकरी लंगडायची, म्हणून तो नालबंदाचं निमूट ऐकत असणार असा माझा तर्क आहे. आमच्या गुंठामंत्र्याची भाकरी भाड्याच्या गाळ्यांवर असते. त्याला घोडं हवं असतं ते शिवजयंतीच्या मिरवणुकीला, आणि फ्लेक्सवरच्या फोटोला. फोटोत खूर दिसतात, ही माझ्या दृष्टीने त्यातली एकमेव जमेची बाजू.

बोलावल्यावर मी पोहोचेपर्यंत घरगुती इलाज उरकलेले असतात. भेगेत एम-सील भरलेलं मी पाहिलं आहे, टाकीच्या गळतीला लावतात त्याच हौसेने. वरून काळं बूटपॉलिश, म्हणजे वऱ्हाडाला दिसू नये. गाडीचं काढलेलं जळकं ऑइल तर सर्रास, "इंजिनाला चालतं तर खुराला का नाही?" दिवसातून दोनदा गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाने पाय धुणारेही आहेत. खूर भिजला, वाळला, भिजला, वाळला, की तो आणखी ठिसूळ होतो, हे सांगितलं तर म्हणतात, स्वच्छता नको का? भेगेवर अ‍ॅक्रिलिकचा थर देतात, तारेने दोन्ही काठ आवळतात, हे सगळं खरं आहे. पण आत घाण ठेवून वरून सील केलं तर पू आत कोंडतो आणि घोडं रात्रभर तीन पायांवर उभं राहतं. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय, की आमच्या कंपाउंडरला ते पाठ आहे. मी गाडीतून उतरायच्या आत तो ते म्हणून टाकतो.

खरं काम असतं नालबंदाचं. आमचे चाचा पासष्टी ओलांडलेले, पाठ कायमची वाकलेली, बोलणं मोजकं. एकदा मोशीच्या एका शेडमध्ये त्यांनी घोडीचा पुढचा पाय गुडघ्यांत धरला, स्वतः तिच्या शेपटीकडे तोंड करून वाकले, आणि आकडीने तळवा खरवडायला सुरुवात केली. आधी शेण निघालं, मग खडी, मग मऊ त्रिकोणी भागाच्या खाचेतून लेथवरची कुरळी पोलादी कातरण. निळसर, धार असलेली. चाचांनी ती चिमटीत धरून मालकासमोर नेली. मालकाने ती उन्हात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "ईएन-एट दिसतंय. आपल्याकडचं नाही. आपण एसएसचं काम करतो." घोडीच्या पायाबद्दल त्याने काही विचारलं नाही, शेजारच्या गाळेवाल्याला फोन लावून त्याला मात्र बरंच ऐकवलं.

मग पकडीने वाढीव कड कातरली, कानस फिरली. भेग उजव्या बाजूला, वरच्या कडेपासून अर्ध्यावर आलेली. चाचांनी भेगेखालची कड अंगुळभर लांबीत थोडी जास्त तासली, म्हणजे तेवढा भाग नालेवर टेकणार नाही आणि पाय पडताना भेग उघडणार नाही. नाल कोणती, तर मागची दोन्ही टोकं जोडलेली, बंद. भार सगळीकडे वाटला जावा म्हणून. खिळे मारून झाले. भेगेखाली फट राहिली की नाही हे बघायला चाचांनी हात पुढे केला, "कार्ड द्या." मालकाने व्हिजिटिंग कार्ड दिलं. चाचांनी ते खूर आणि नाल यांच्यामध्ये सरकवलं, पुढेमागे केलं, बाहेर काढलं आणि परत दिलं. त्यावर आयएसओ ९००१ च्या चिन्हाशेजारी शेणाची एक बारीक रेघ उमटली होती.

"चाचा, किती दिवस?" मालकाने विचारलं.

"घोडीला विचारा."

याच मालकाने पुढच्या आठवड्यात मला बोलावून एक खोकं दाखवलं. त्यात बंद नाला होत्या. चाचांच्या नालेचं त्याने माप घेतलं, ड्रॉइंग काढलं, लेझर कटिंगवर टाकलं. कमीत कमी पन्नास नग घ्यावे लागले म्हणे, म्हणून पन्नास. सगळ्या एकसारख्या, कडा गुळगुळीत, टॉलरन्स काय सांगावा! चाचांनी एक नाल उचलली, घोडीच्या पायाखाली धरली, मागच्या पायाखाली धरली. पुढचा खूर गोलसर असतो, मागचा निमुळता, आणि डाव्याउजव्यातही फरक असतो, हे ड्रॉइंगमध्ये आलं नव्हतं. चाचांनी नाल भट्टीत टाकली, लाल केली आणि ऐरणीवर ठेवून ठोकायला लागले. मालक प्रत्येक घावाला डोळे मिटत होता. "आउट ऑफ ड्रॉइंग गेली," तो पुटपुटला. उरलेल्या एकोणपन्नासांतल्या काही आता गाळ्यांच्या दारांवर लटकल्या आहेत, शुभ म्हणून.

औषधाच्या बाबतीत घाईचा कहर होतो. बायोटिन देतात, दिवसाला साधारण वीस मिलिग्रॅम. त्याने नव्याने येणारा खूर चांगला येतो, पण जुन्या खुराला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि फरक दिसायलाच निदान सहा महिने लागतात. म्हणजे औषध घोड्याला आणि परीक्षा मालकाची. "चाळीस दिलं तर तीन महिन्यांत?" हा प्रश्न ठरलेला. मी नाही म्हणतो. तो मान डोलावतो आणि चाळीस देतो.

फोनचं काय सांगू. सकाळी सहाला गुलाबाचं फूल, खाली 'शुभ सकाळ', त्याच्याखाली खुराचा फोटो. त्याखाली एकच शब्द: 'प्रोग्रेस?' काल रात्री दहाला पाहिलेल्या खुरात सकाळी सहापर्यंत काय प्रगती होणार? मी चाकणला तळेगाव चौकात अडकलेलो असतो तेव्हा हमखास फोन येतो. "कुठवर आलात?" "तळेगाव चौक." पलीकडे जरा शांतता. "मग दुपार धरतो." गंमत पाहा, त्या चौकाला सगळे सहन करतात. तिथे तास गेला तरी कुणी हायवेला 'प्रोग्रेस?' असं विचारत नाही. घाई फक्त जिवंत वस्तूची.

याला उतारा सापडला तो भोसरीत, आणि तो माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तिथे एक जॉबवर्कवाले आहेत, दोन सीएनसी, एक जुनं लेथ आणि मुलीच्या हट्टाने घेतलेली एक घोडी. मी नेहमीप्रमाणे भेगेच्या टोकाजवळ कानसने एक बारीक खूण केली आणि सांगितलं, ही खूण खाली सरकताना दिसेल, महिन्याने बघू. ते म्हणाले, महिन्याने कशाला? आत गेले आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. लीस्ट काउंट शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटर. केसांच्या कडेपासून खुणेपर्यंत माप घेतलं, वहीत लिहिलं: १२.३४. दुसऱ्या दिवशी फोन. मी मनात म्हटलं, आलं पहिलं रडगाणं. तर गडी खूश! "डॉक्टर, १२.६४. तीस वाढलं."

तीन दशांश मिलिमीटर. महिन्याला नऊ म्हणजे दिवसाला तीन दशांशच. हिशेब चोख होता. मला हसू आवरेना, पण ते गंभीर होते. "हसू नका. आमच्याकडे तीन दशांश म्हणजे अख्खा लॉट रिजेक्ट." मला त्या क्षणी लख्ख उजेड पडला. आतापर्यंत मी या लोकांना 'निसर्ग', 'धीर', 'सावकाश' असले शब्द ऐकवत होतो. यांतला एकही शब्द परचेस ऑर्डरवर नसतो. एका केसाच्या जाडीवर ज्याचं पोट चालतं, त्याला दिवसाला तीन दशांश ही गती पुरेशी वाटते. किंबहुना सुसाट वाटते. त्याला फक्त रीडिंग हवं होतं.

पुढे ती वही बघण्यासारखी झाली. तारीख, माप, फरक, शेरा. पावसाळ्यात एक आठवडा वाढ कमी आली तर शेरा: 'मटेरियल प्रॉब्लेम?' मग पाच वेळा 'का?' विचारायची त्यांची पद्धत. वाढ कमी का? घोडी कमी खाते. कमी का खाते? चारा बदलला. चारा का बदलला? जुना संपला. का संपला? मागवला नाही. का नाही मागवला? मालक कोइम्बतूरला मशिनरीच्या प्रदर्शनाला गेले होते. आणि पुढे त्यांनी स्वतःची सही केली होती. मी अनेक मोठे तज्ज्ञ बघितले, इतकं प्रामाणिक निदान कुणी केलेलं नाही.

त्यांच्याच घरात वडील, अण्णा, खाटेवर बसून हे सगळं बघायचे. आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यातून निवृत्त झालेले. एकदा पोराने वैतागून म्हटलं, "वाढतंय खरं, पण सहा महिने म्हणजे फार होतं हो." अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली.

"चेतक कुणाचं नाव रे?"

"राणा प्रतापाच्या घोड्याचं."

"१९७२ ला आली ती स्कूटर. आम्ही दिवसभर बनवायचो, आणि लोक नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबायचे. लग्न जमवताना विचारायचे, मुलाचा नंबर लागलाय का? पत्र्याच्या चेतकसाठी दहा वर्षं. आणि तुला हाडामांसाच्या घोडीसाठी सहा महिने जड झाले?"

"अण्णा, तेव्हा दुसरी गाडी मिळत नव्हती."

"मग आता दुसरा खूर मिळतोय का?"

व्हर्नियर मी नंतर सर्रास लिहून द्यायला लागलो. गाडामालकांना फारसा लागू पडला नाही. त्यांना सेकंद कळतात, मिलिमीटर नाही. वरातवाल्याला तर अजिबात नाही, कारण भटजींनी काढलेला मुहूर्त दशांशात सरकत नाही. त्याच्यासाठी मला थेट विठ्ठलाचीच मदत होते. आषाढी ते कार्तिकी देव झोपतात, लग्नं बंद, आणि घोड्याला चार महिन्यांची आपसूक रजा. तेवढ्यात जवळजवळ चार सेंटीमीटर खूर उतरतो. अडचण एवढीच, की देवाने रजा दिली ती नेमकी चिखलाच्या दिवसांत. तेव्हा शेडला फरशी आणि कोरडा भुसा, एवढ्यावर मी अडून बसतो. दर पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून पुन्हा बसवायची, हेही.

आमच्या गुंठामंत्र्याने व्हर्नियर घेतला, अगदी डिजिटल, आणि ड्रायव्हरकडे दिला. ड्रायव्हर रोज आकडा पाठवायचा. मला संशय आहे की तो घरबसल्या ठोकून द्यायचा, कारण एका आठवड्यात खूर दोनदा आखडला होता. पण चाचा वेळेवर येत राहिले, आणि वैशाखातली भेग मार्गशीर्षापर्यंत तळाला लागली. शेवटचा फाटका तुकडा चाचांनी कातरून मालकाच्या हातावर ठेवला. घोडं गंगेत न्हालं! आता तरी हा माणूस चार शब्द बरे बोलेल म्हणून मी उभा राहिलो, तर तो फोनवर कुणाला तरी सारंगखेड्याचा रस्ता विचारत होता.

दत्तजयंतीनंतर एक अनोळखी नंबर वाजला. माणूस नाशिककडचा. त्या यात्रेत त्याने ते घोडं घेतलं होतं, आणि तुमचा नंबर मालकांनी दिला म्हणाला.

"मालक फार जाणकार माणूस, डॉक्टर. मला तासभर खुरावर समजावलं. म्हणाले, या कामात घाई करणारा गाढव. खूर रोज तीन दशांश वाढतो, आपण फक्त बघत राहायचं."

"बरोबर सांगितलं," मी म्हटलं.

"ते पटलं मला. फक्त मागच्या डाव्या पायाला आज एक बारीक रेघ दिसतेय. आणि रविवारी माझ्या भाच्याचा परण्या आहे."